डॉसन सिटी: दोन वर्षांची गर्दी, सव्वाशे वर्षांचं गाव

कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यात, अलास्काला लागून असलेल्या युकॉनमध्ये, युकॉन आणि क्लॉन्डाइक या नद्यांच्या संगमावर डॉसन सिटी वसली आहे. 2021 च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या 1,577 भरली. 1898 च्या उन्हाळ्यात नदीकाठच्या याच सपाट, दलदलीच्या पट्ट्यात तीस हजारांच्या आसपास माणसं तंबू ठोकून होती. पुढच्याच वर्षी त्यातली बरीचशी निघून गेली. ज्या गर्दीमुळे गाव ओळखलं जातं, ती धड दोन वर्षंही टिकली नाही.

वारसा जपण्याच्या दृष्टीनं हे गाव मला फार महत्त्वाचं वाटतं. जगात सोन्याच्या धावपळीतून उभी राहिलेली आणि नंतर ओस पडलेली गावं पुष्कळ आहेत. डॉसनमध्ये मात्र माणसं राहत राहिली, आणि आपल्या गावाचा इतिहास नेमका कुठला, हा प्रश्न त्यांना पुन्हा पुन्हा सोडवावा लागला. साठ वर्षांपूर्वी त्याचं जे उत्तर होतं, ते आज राहिलेलं नाही. हा बदल कसा झाला, हेच या प्रकरणात पाहायचं आहे.

गाव कसं उभं राहिलं

ऑगस्ट 1896 मध्ये क्लॉन्डाइकला मिळणाऱ्या रॅबिट क्रीक या ओढ्यात सोनं सापडलं. तिथे चौघांची नावं येतात: अमेरिकेतून आलेला जॉर्ज कारमॅक, त्याची तागिश जमातीतली पत्नी शा त्ला ऊर्फ केट, तिचा भाऊ कीश ऊर्फ स्कूकम जिम, आणि भाचा डॉसन चार्ली. सोनं पहिल्यांदा कोणाच्या नजरेला पडलं याच्या हकिकती वेगवेगळ्या आहेत, पण आदिवासी माणसाच्या नावावर शोधाचा दावा, म्हणजे सोनं काढायच्या पट्ट्यावरचा हक्क, मान्य होणार नाही या समजुतीनं तो कारमॅकच्या नावावर लागला. कीश आणि चार्लीला शेजारचे दावे मिळाले. केटला काहीच मिळालं नाही, आणि पुढे कारमॅकनं तिला सोडलंही. कॅनडाच्या खाण उद्योगाच्या सन्मानयादीत पुरुषांची नावं आधी लागली, तिचं 2019 मध्ये.

ओढ्याचं नाव बदलून बोनान्झा झालं. लांबी ओढ्याच्या बाजूनं पाचशे फूट, असा एकेक दावा. मूळ शोधाच्या दाव्यापासून वर मोजायचं आणि खाली मोजायचं, म्हणजे ‘शोधाच्या वर चार’, ‘शोधाच्या खाली दोन’ असा पत्ता. आपल्याकडे कर्नाटकातल्या कोलारला सोनं खोल खडकात होतं, ते काढायला कंपनी, यंत्रं आणि हजारो मजूर लागले, म्हणून तिथे कंपनीचं गाव झालं. क्लॉन्डाइकचं सोनं ओढ्याच्या जुन्या वाळूगोट्यात मिसळलेलं होतं. फावडं, घमेलं आणि लाकडी पन्हळ एवढ्यावर एकटा माणूसही ते काढू शकत होता. इतकी माणसं धावली त्याचं मुख्य कारण हेच.

पण काढायला सोपं असलं तरी तिथवर पोहोचणं सोपं नव्हतं. जमीन बारमाही गोठलेली. हिवाळ्यात रात्री शेकोटी पेटवायची, सकाळी जेवढी माती सुटली तेवढी उपसायची, पुन्हा शेकोटी. असं करत खडकापर्यंत विहीर न्यायची आणि वर काढलेली माती ढीग घालून ठेवायची. वसंतात बर्फ वितळून पाणी वाहतं झालं की तो ढीग पन्हळीतून धुवायचा. सोनं किती लागलं, हे सगळा हिवाळा राबल्यानंतर कळायचं.

बातमी बाहेर जायला वर्ष गेलं. जुलै 1897 मध्ये सोनं घेऊन दोन बोटी सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलला लागल्या आणि सुमारे एक लाख माणसं निघाली असं मानलं जातं. त्यातली तीस-चाळीस हजारच पोहोचली. वर्षभराचा शिधा असल्याशिवाय पोलीस सरहद्द ओलांडू देत नसत. सामानासकट ते ओझं एक टनाच्या घरात जाई, आणि ते पाठीवर वाहत चिलकूटची खिंड पुन्हा पुन्हा चढावी लागे. एवढं करून डॉसनला उतरलेल्या बहुतेकांना कळलं, की चांगले ओढे दोन वर्षांपूर्वीच वाटले गेलेत.

पैसा झाला तो बऱ्याचदा खाणीबाहेर. जो लाड्यू या व्यापाऱ्यानं शोधाची बातमी लागताच ओढ्याकडे न धावता संगमावरची जमीन आपल्या नावावर केली, तिचे प्लॉट पाडले आणि लाकूड कापायची गिरणी आणली. गावाला नाव दिलं ते भूवैज्ञानिक जॉर्ज डॉसनचं. बेलिंडा मल्रूनी ही आयर्लंडमध्ये जन्मलेली बाई कापड आणि गरम पाण्याच्या पिशव्या विकायला घेऊन आली आणि 1898 मध्ये फेअरव्ह्यू हे गावातलं नावाजलेलं हॉटेल उभं करून बसली. जून 1898 मध्ये युकॉन हा स्वतंत्र प्रदेश झाला आणि डॉसन त्याची राजधानी.

संगमावर आधीपासून कोण होतं

लाड्यूच्या प्लॉटसमोर, क्लॉन्डाइकच्या पलीकडच्या तीरावर, ट्रोचेक नावाचं ठिकाण आहे. हान भाषक लोकांचा तिथे उन्हाळ्यातला मासेमारीचा तळ असे. सामन मासा नदीनं वर चढू लागला की तो पकडायचा, वाळवायचा आणि हिवाळ्याची बेगमी करायची. आज हे लोक ट्रोंडेक ह्वेचिन या नावानं स्वतःचं शासन चालवतात.

धावपळ सुरू झाली तेव्हा त्यांचा प्रमुख होता चीफ आयझॅक. महिन्या-दोन महिन्यांत तळावर झोपड्या, दारूचे गुत्ते, रोगराई आली. आसपासचं जंगल बांधकामाला आणि शेकोट्यांना तुटू लागलं, शिकार पळाली. 1897 मध्ये आयझॅक आपल्या लोकांना घेऊन पाच किलोमीटर खाली, मूसहाइड इथे राहायला गेला.

त्यानं आणखी एक गोष्ट केली. या गर्दीत आपली गाणी आणि नाच टिकणार नाहीत हे ओळखून त्यानं ते अलास्कातल्या आपल्या नातलग लोकांकडे सांभाळायला दिले. 1932 मध्ये आयझॅक वारला. गाणी अलास्कात राहिली, आणि 1990 च्या दशकात त्याच्या वंशातल्या पुढच्या पिढीनं तिथे जाऊन ती परत शिकून घेतली. 1993 पासून मूसहाइडला वर्षाआड मेळावा भरतो, त्यात ती म्हटली जातात. डॉसनमध्ये लाकूड, पत्रा, बोटी, यंत्रं असं पुष्कळ काही जपून ठेवलंय. पण ठरवून, विचारपूर्वक जपलेली पहिली गोष्ट ही गाणी होती, असं माझं मत आहे. बाकीचं बरंचसं नशिबानं वाचलं.

पडतीचा काळ

1899 मध्ये अलास्कात नोमच्या किनाऱ्यावर सोनं सापडल्याची बातमी आली आणि डॉसनची माणसं बोटी भरभरून निघाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आग लागून 117 इमारती जळाल्या. गंमत अशी, की दगडी कमानीचा डौल लाकडात आणणाऱ्या मोठ्या सरकारी इमारती यानंतर बांधल्या गेल्या: 1900 चं टपाल कार्यालय, 1901 ची प्रशासकीय इमारत, जी आता गावाचं संग्रहालय आहे. सरकारला वाटत होतं गाव वाढणार.

वाढल्या त्या कंपन्या. छोटे दावे विकत घेऊन त्यांनी ओढ्यांत ड्रेज उतरवले. ड्रेज म्हणजे स्वतःच खणलेल्या तळ्यात तरंगणारी अनेक मजली लाकडी यंत्रशाळा. पुढून बादल्यांच्या साखळीनं गोटे उचलायचे, पोटात धुवायचे, सोनं ठेवून मागून दगड टाकत पुढे सरकायचं. ड्रेज नंबर 4 हे 1912 च्या सुमाराचं धूड 1959 पर्यंत चालू होतं. आता ते बोनान्झा ओढ्याकाठी राष्ट्रीय वारसा म्हणून उभं आहे. क्लॉन्डाइकच्या खोऱ्यात शिरताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना दगडांच्या वळणदार राशीच राशी दिसतात, त्या या यंत्रांनी टाकलेल्या.

गावाचे फटके मोजायचे तर ऑक्टोबर 1918 मध्ये ‘प्रिन्सेस सोफिया’ ही बोट अलास्काच्या किनाऱ्याजवळ बुडाली. साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली, एकही वाचला नाही, आणि त्यात हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे निघालेली युकॉनची माणसं मोठ्या संख्येनं होती. दुसऱ्या महायुद्धात अलास्का महामार्ग व्हाइटहॉर्सवरून गेला, डॉसन बाजूला पडलं. 1953 मध्ये राजधानीही व्हाइटहॉर्सला हलली. 1966 मध्ये शेवटच्या मोठ्या कंपनीनं ड्रेजचं काम थांबवलं.

गरिबीनं काय वाचवलं

पैसा असता तर 1920 ते 1960 या काळात डॉसनमध्ये जुनं पाडून नवं बांधलं गेलं असतं. तो नव्हता. रिकाम्या दुकानांना कुलपं लागली, आतलं सामान तसंच राहिलं, थंड कोरड्या हवेनं लाकूड टिकलं. जुन्या वस्तू परत पाठवायचा खर्च वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त असल्यामुळे इथे आलेली गोष्ट इथेच राहायची.

1978 चा प्रसंग याचा उत्तम दाखला आहे. एका बांधकामासाठी खणताना यंत्राच्या फाळाला जमिनीतून सिनेमाची रिळं लागली. डॉसन हे त्या काळच्या चित्रपट वितरणाचं शेवटचं ठाणं होतं. सिनेमा इथे यायचा तो प्रदर्शित होऊन दोन-तीन वर्षं झाल्यावर, आणि परत मागवण्यात कोणाला रस नसे. रिळं बँकेच्या मार्फत ठेवली जात आणि साठत गेली. नायट्रेट फिल्म भडकन पेटणारी, म्हणून पुष्कळशी नष्ट केली गेली. 1929 मध्ये मात्र क्रीडामंडळाचा पोहण्याचा तलाव बुजवून वर बर्फावरच्या हॉकीचं मैदान सपाट करायचं होतं, तेव्हा भर म्हणून तलावात रिळं टाकली. गोठलेल्या जमिनीनं ती एकोणपन्नास वर्षं सांभाळली. 533 रिळं हाती लागली. त्यातले कितीतरी मूकपट जगात दुसरीकडे कुठेच उरले नव्हते. 1919 च्या बेसबॉल वर्ल्ड सीरिजची दृश्यंही त्यात निघाली. आता त्यांच्या प्रती कॅनडाच्या आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयांकडे आहेत.

वाकलेल्या भिंती

ज्या जमिनीनं रिळं सांभाळली, तीच जमीन गावातल्या घरांना गिळते. डॉसनखाली बारीक गाळ आहे आणि त्यात बर्फाचे थर आहेत. घर थेट जमिनीवर टेकवलं आणि आत चूल पेटवली, की ऊब खाली उतरते, बर्फ वितळतो, गाळ बसतो. बसतो तोही सारखा नाही: चुलीखाली जास्त, कोपऱ्यात कमी. घर तिरकं होतं. तिसऱ्या अव्हेन्यूवर जुन्या दुकानांच्या इमारती एकमेकींकडे झुकून कपाळाला कपाळ लावून उभ्या आहेत. त्या सरळ केल्या नाहीत. खाली काय चाललंय हे पाहणाऱ्याला कळावं म्हणून तशाच ठेवल्यात, आणि संवर्धनाचा हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

वापरात असलेल्या इमारतींचा इलाज वेगळा. इमारत उचलायची, खाली खडीचा जाड थर द्यायचा, आणि जमीन व फरशी यांच्यामध्ये हवा खेळेल एवढी मोकळी जागा ठेवून ती लाकडी ठोकळ्यांवर किंवा जॅकवर टेकवायची. दर काही वर्षांनी पातळी तपासून जॅक फिरवायचे. म्हणजे इथे जीर्णोद्धार एकदा केला आणि संपला असं होत नाही, हात कायम लावत राहावा लागतो. हवामान तापत चाललंय तसा हा खर्च वाढतोच आहे.

संघराज्य सरकारनं 1960 च्या दशकात हात घातला तो आधी पर्यटनाच्या अंगानं. 1899 चं पॅलेस ग्रँड नाट्यगृह इतकं खिळखिळं झालं होतं, की ते उतरवून जुन्या रूपात नव्यानं बांधलं आणि 1962 च्या महोत्सवात उघडलं. महोत्सव आर्थिकदृष्ट्या पडला, नाट्यगृह राहिलं. ‘कीनो’ ही 1922 ची चाकाची बोट 1960 मध्ये स्वतःच्या वाफेवर शेवटची डॉसनला आली, ती काठावर चढवून ठेवली. पुढे पार्क्स कॅनडा या वारसास्थळं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेनं एकेक इमारत घेत काम वाढवलं, आणि नगरपालिकेनं नियम केला, की जुन्या भागातलं नवं बांधकामही त्या काळाच्या धाटणीशी जुळलं पाहिजे. त्यामुळे आज फळ्यांच्या पदपथावरून चालताना उंच खोटा दर्शनी भाग, आडव्या फळ्या आणि रंगीत चौकटी सगळीकडे दिसतात.

या नियमाबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. त्यानं गावाचा चेहरा वाचला यात शंका नाही. पण 1901 ची इमारत आणि कालपरवा बांधलेलं हॉटेल सारखंच दिसायला लागलं, तर पाहुण्याला खरं काय ते कळत नाही. शिवाय 1920 ते 1970 चा गरिबीचा काळ, पत्रे ठोकून थोपवलेल्या भिंती, ड्रेजवर काम करणाऱ्यांची साधी घरं, हे सगळं गर्दीच्या दोन वर्षांपुढे बिनमहत्त्वाचं ठरतं. खरं तर गाव त्या लोकांनी राखलं.

गावाचा स्वभाव

हा स्वभाव इमारतींत शोधून सापडत नाही. 1905 मध्ये डॉसनचा बर्फावरच्या हॉकीचा संघ त्या खेळातल्या मानाच्या स्टॅन्ली चषकासाठी ओटावाला गेला. पायी, सायकलवर, बोटीनं आणि आगगाडीनं हजारो किलोमीटर तुडवत गेले आणि 9-2 व 23-2 असे सपाटून हरले. गाव ही गोष्ट अजून अभिमानानं सांगतं. नदीवरचा बर्फ वसंतात नेमका किती वाजता फुटेल यावर 1896 पासून पैजा लागतात. बर्फावर तिकाटणं उभं करून तार काठावरच्या घड्याळाला जोडायची. बर्फ हलला, तार ताणली, घड्याळ थांबलं. करमणुकीसाठी ठेवलेली ही सव्वाशे वर्षांची नोंद आता हवामानाच्या अभ्यासकांना उपयोगी पडते. 1971 मध्ये इथे कॅनडातलं पहिलं कायदेशीर जुगारघर सुरू झालं. ते चालवणारी संस्था बिनफायद्याची आहे आणि मिळकत गावावर खर्च होते. एका हॉटेलात माणसाच्या पायाचं वाळवलेलं बोट घातलेली दारू 1973 पासून मिळते, आणि ओठांना ते बोट लागलंच पाहिजे अशी अट आहे. मला हा प्रकार आवडत नाही, पण तो गावाचाच आहे, पर्यटन खात्यानं वरून लादलेला नाही. संगीत महोत्सव 1979 पासून भरतो, दृश्यकलेचं महाविद्यालय 2007 मध्ये सुरू झालं. हिवाळा पार करणारी माणसं काहीतरी करत राहतात.

प्रस्ताव परत लिहिला

आता या प्रकरणाचा गाभा. 1998 मध्ये ट्रोंडेक ह्वेचिन आणि सरकार यांच्यात जमीन व स्वशासनाचा अंतिम करार झाला. त्याच वर्षी डॉसनच्या नदीकाठावर, ‘कीनो’पासून जवळ, त्यांचं दानोया झो हे सांस्कृतिक केंद्र उघडलं. खोट्या दर्शनी भागांच्या त्या रस्त्यावर ही इमारत मासे वाळवायच्या मांडवांची आठवण देणाऱ्या आकारात, आधुनिक बांधणीची आहे. जुन्यासारखं दिसण्याच्या सक्तीतून बाहेर पडलेली म्हणून ती मला गावातली सगळ्यात प्रामाणिक नवी इमारत वाटते.

जागतिक वारसा यादीसाठी पहिला प्रस्ताव गेला, तो खाणकामासकट मोठ्या भूभागाचा. 2018 मध्ये तो मागे घ्यावा लागला. आपल्याकडे अशा वेळी बरेचदा नकाशात थोडी दुरुस्ती करून तेच कागद पुन्हा पाठवले जातात. इथे मांडणीच बदलली. नव्या प्रस्तावानं सोन्याच्या धावपळीला मध्यभागातून उचललं. काळ घेतला 1874 ते 1908: फोर्ट रिलायन्स हे व्यापारी ठाणं उघडल्यापासून पुढचा. प्रश्न घेतला तो असा, की तीस-पस्तीस वर्षांत वसाहतवाद आला तेव्हा इथल्या मूळ लोकांचं आयुष्य कसं उलटंपालटं झालं आणि ते कसे तगले. आठ जागा निवडल्या. त्यात फोर्ट रिलायन्स, फॉर्टी माइल, ट्रोचेक आणि मूसहाइड आहेत. डॉसन सिटी या आठांपैकी एक आहे. सप्टेंबर 2023 मध्ये रियाधच्या बैठकीत ‘ट्रोंडेक-क्लॉन्डाइक’ या नावानं नोंद झाली.

इमारती त्याच राहिल्या, त्यांचा अर्थ बदलला. पूर्वी प्रशासकीय इमारत ‘गर्दीच्या वैभवाची खूण’ होती. आता ज्या सत्तेनं लोकांना संगमावरून खाली मूसहाइडला लोटलं, तिचं ते कार्यालय म्हणूनही तिच्याकडे पाहावं लागतं. ट्रोचेकला पाहण्यासारखं जवळजवळ काहीच उभं नाही: झाडोरा, खड्डे, जमिनीखालचे अवशेष. तरी मूल्याच्या दृष्टीनं ती जागा पॅलेस ग्रँडच्या बरोबरीची धरली गेली. लाकूडकाम मोजून वारसा ठरवण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांनी हा भाग नीट अभ्यासावा.

अजून चालू असलेली खाण

खोऱ्यातलं खाणकाम थांबलेलं नाही. वाळूतलं सोनं धुणारे कौटुंबिक धंदे दर उन्हाळ्यात चालतात, आणि गावाचं पोट पर्यटनाइतकंच त्यांच्यावर आहे. जून 2022 मध्ये डॉसनच्या दक्षिणेला युरेका क्रीकवर काम करताना एका खाणकामगाराला गोठलेल्या गाळात मॅमथचं पिल्लू सापडलं, तीस हजार वर्षांहून जुनं, कातडी आणि केसांसकट. असं कातडीसकट टिकलेलं, उत्तर अमेरिकेत मिळालेलं हे सर्वांत पूर्ण मॅमथ. ट्रोंडेक ह्वेचिनच्या वडीलधाऱ्यांनी प्रार्थना केली, त्याला हान भाषेत नन चो गा हे नाव दिलं आणि पुढे काय करायचं ते वैज्ञानिकांबरोबर बसून ठरवलं.

पण वारसा यादीत नाव गेल्यानं खाणकामावर बंधनं येतील ही धास्ती खाणवाल्यांना होती, ती पूर्ण गेलेली नाही. भांडणाचं मूळ कायद्यात आहे. युकॉनचा वाळूतल्या सोन्याचा कायदा 1906 पासूनचा. ओढ्यावर जाऊन खुंट ठोकणाऱ्याला हक्क मिळतो हे त्याचं तत्त्व आजही लागू आहे, आणि दाव्याची लांबी आजही पाचशे फूट. कारमॅकनं ज्या पद्धतीनं दावा लावला, त्याच पद्धतीनं तो आजही लावता येतो. गावहद्दीतसुद्धा असे दावे आहेत, आणि नवी घरं बांधायला जमीन हवी असताना नगरपालिकेला त्यांच्याशी वाटाघाटी कराव्या लागतात. आधी खुंट आणि मग विचारणा, या क्रमाला 2012 मध्ये युकॉनच्या अपील न्यायालयानं हरकत घेतली: खडकातल्या खनिजांच्या एका प्रकरणात, दावा नोंदवताना मूळ लोकांशी सल्लामसलत झालीच पाहिजे असं ठरलं. त्यानंतर सरकार आणि मूळ लोकांची शासनं मिळून नवा खनिज कायदा लिहायला बसली. डॉसनच्या संवर्धनाचं पुढचं काम लाकडापेक्षा या मसुद्यातल्या कलमांवर जास्त अवलंबून आहे.